जमेची बाजू

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात
मी नऊनंतरच जाते.
सातला मेथी मिजाशीत असते,
आठला तिचा चेहरा उतरतो,
नऊला गिरजाबाई स्वतःच हाक मारते,
"ने ना ओ बाई, तीन जुड्या वीसला,
आता काय घरी नेऊन बसू हिला?"
मी तरी चौथी मागते.
ती नाही म्हणते. मग देते.
दर बुधवारी आम्ही एवढंच बोलतो,
तिचं आडनावसुद्धा मला माहीत नाही.

तेलाचा पिपा इतवारीतून,
जाऊबाईंसोबत अर्धा अर्धा.
तुरीच्या डाळीत मसूर, दोनास एक.
वरणाचा रंग जरा बदलतो,
ह्यांना वाटतं हळद जुनी झाली.
अंगणवाडीतल्या ताई सांगून गेल्या होत्या
लोह, प्रथिनं, कॅल्शियम.
मी त्याची घरची मराठी केली:
गूळ-शेंगदाणे, मोडाची मटकी, तीळ,
आणि भाजून कुटलेला जवस, बरणीभर.

सम्यकला हिरवं चालत नाही.
भाजीतलं एकेक पान वेचून
ताटाच्या काठावर तो रांगेत लावतो,
वर्गाबाहेर उभे केलेले पोट्टे जसे.
म्हणून मेथी वाटून कणकेत,
दुधी किसून, त्याचं पाणीही न फेकता,
वर चमचाभर जवस,
आणि शेवटी
नूडल्सच्या पुडीतला मसाला,
अर्धाच.
उरलेल्या पुडीला कपड्यांचा चिमटा,
ती गुरुवारच्या फोडणीच्या भाताला.
त्याला सांगते, हा हॉटेलचा पराठा.
हिरवा काहून?
हॉटेलात असाच राहतो.
तो कधी हॉटेलात गेलेला नाही,
म्हणून माझं निभावतं.

क्रीमची बिस्किटं जूनपासून बंद केली.
दहा रुपयांत एक अंडं येतं,
वर सुटे उरतात, असं समजावलं.
तो बराच वेळ विचार करून म्हणाला,
"अंड्यात क्रीम राहते का?"

काल त्याच्या उशीखाली दोन बिस्किटं सापडली,
चॉकलेटची,
चौकटीच्या वहीच्या कागदात गुंडाळलेली.
मुंग्या लागल्या म्हणून कळलं.
कुठून आणली? ताईनं दिली.

यशोधरा आठवीत आहे.
गणित सोडवत होती, वर न बघता बोलली,
"रिद्धिमा देते. एका पराठ्याला दोन."
"काहून?"
"तिच्या घरी असे बनत नाही.
पहिले एकच देत होती,
मी दोनावर नेली."
मग पेन्सिल खाली ठेवून, हळूच,
"त्यात काय काय राहते, मला माहीत आहे, आई.
जवस दाताला लागते.
सम्याले सांगितलं नाही मी."

डब्यात मी तीन देते.
म्हणजे ही पोरगी किती दिवस
दोनावर शाळा काढत होती,
तेही मी विचारलं नाही.
तिचं गणित चालू होतं.

रात्री हिशेबाची वही काढली.
खर्च पानभर,
जमेला ह्यांचा पगार, माझी शिलाई,
बस, दोन ओळी.
तिसरी लिहायला पेन टेकवलं
पण रकमेच्या रकान्यात
बिस्किटांचे काय धरायचे, सुचेना.
तिथं एक निळा ठिपका तेवढा पडला आहे.

आज सकाळी तिच्या डब्यात चार ठेवले.
तिनं झाकण उघडलं, मोजले,
माझ्याकडे पाहिलं,
आणि चप्पल घालता घालता म्हणाली,
"मसाला पुरी पुडी टाकत जा ना.
भाव वाढवता येईन."