खांद्यापर्यंत पाणी

साडेसहाला तलावाचं दार उघडतं.
उघड्या आकाशाखालचं गरम पाणी,
वाफ, आणि वाफेत पडता पडता विरणारा बर्फ.
जानेवारीत सूर्य आमच्या खाडीत उतरत नाही,
डोंगरामागूनच येतो आणि जातो,
उधारी थकलेल्या गिऱ्हाइकासारखा, तोंड न दाखवता.

कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंत सव्वीस पावलं.
अनवाणी. उणे सात.
पहिल्या दहात उजवा गुडघा कुरकुरतो,
पुढच्या दहात डावा त्याची री ओढतो,
उरलेल्या सहांत मी दोघांनाही शिव्या घालते.

एकतीस वर्षं मी कॉड कापला.
एक सुरी, एक फळी, मनगटाचं एकच वळण.
काम अंगवळणी पडलंय हिच्या, म्हणायचे सगळे.
खरंच पडलं.
अंगाला तेच वळण राहिलं:
उजवा खांदा पुढे, मान खाली,
अंगठ्याच्या मुळाशी वाटाण्याएवढी गाठ.

मग एका सकाळी केस विंचरताना
हात कानाशी थांबला. वर जाईना.
राजधानीतल्या डॉक्टरने करडं-पांढरं चित्र दाखवलं,
म्हणाला, विश्रांती घ्या.
घेतली. तीन महिने खिडकीशी बसून घेतली.
खांदा इतका लाडावला
की कोटाच्या बाहीतही शिरेना.

बोगुमिला त्यानंतर आली.
तिची आई पोलंडहून आलेली,
आमच्याच कारखान्यात बर्फ उपसायची.
तिने माझ्या हातात वाटाण्याचा डबा दिला.
"दहा वेळा. अकराव्याचा शहाणपणा नको."
मग शिकवलं दुखण्यातलं डावं-उजवं:
जे संध्याकाळपर्यंत ओसरतं, ते चालेल.
जे दुसऱ्या दिवशी तुझ्याआधी उठून बसतं,
त्याच्यासाठी डबा निम्मा रिकामा कर.

केटिलने हे ऐकलं नाही.
शहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या खुब्यानिशी,
सप्टेंबरात मेंढ्या उतरवायला थेट कड्यापर्यंत गेला.
परतला तो गाडीच्या मागच्या फळीवर आडवा,
मेंढ्या मात्र आपल्या पायांनी पुढे.
आता गरम कुंडात बसून
आम्हाला संयमावर बोलतो.

पाण्यात आम्ही अकरा जण.
वाफेवर तरंगणाऱ्या अकरा लोकरी टोप्या.
खांद्यापर्यंत पाणी आलं की
कुणाचा गुडघा कितीचा, कळत नाही.
स्टाइनव्हर, जिला जिन्यावर कठडा सोडवत नाही,
इथे एका पायावर उभी राहते,
आणि इकडेतिकडे बघते, कुणी पाहिलं का म्हणून.

बोगुमिला काठावरून मोजते, पोलिशमध्ये.
मोजताना, म्हणते, माणूस आईच्या भाषेत जातो.
येदेन. द्वा. त्शी.
"हात वर!"

आयुष्यात मी हात वर केले नव्हते,
पगाराच्या भांडणात नाही,
सिगुरगेइरची बोट परत आली नाही
त्या मार्चमध्येही नाही.
आता रोज सकाळी करते,
दहा वेळा, मोजून.

पंचवीस तारखेला ऊन आलं.
आधी चर्चच्या छपरावर, मग शाळेवर,
मग आमच्या गल्लीत, नऊ मिनिटं.
त्या दिवशी घरोघरी कॉफी आणि पातळ धिरडी.
धिरड्यांचा तवा वरच्या खुंटीला;
गेल्या वर्षी शेजारच्या पोराने काढून दिला होता.

यंदा मी खुंटीखाली उभी राहिले.
हात कानाशी आला, जुन्या सवयीने थांबला,
मग कानाच्या वर गेला.
बोटं दांड्याला टेकली, तेवढ्यात
खांद्यातून कोपरापर्यंत कळ उतरली.
ही कुठली? संध्याकाळपर्यंतची, की उद्याची?
हात खाली घेतला. कॉफी चढवली.
मग डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू दिला
आणि तवा उतरवला.

पहिलं धिरडं फाटलं.
ते मीच खाल्लं, उभ्याउभ्या,
खिडकीत ऊन होतं तोवर.