यादीत नसलेलं यंत्र

बेझानने ते पिठाच्या पिशवीत गुंडाळून आणलं.
बारा वर्षांचं. एक कोपरा चेपलेला,
झाकणावर वाइनचा गोल डाग,
आणि पडद्यावर कंपनीचं सभ्य वाक्य:
हे उपकरण यादीत नाही.

“यादीत मीही नाही,” तो म्हणाला, “पेन्शनच्या.
लामारा, तू हे चालू कर.”

कुताईसीत, पांढऱ्या पुलापासून तीन गल्ल्या आत
माझं दुकान: एक खिडकी, एक टेबल,
आणि रिओनी नदीचा आवाज, जो भाड्यात धरलेला नाही.

त्याची बायको इटलीत, बारीला,
कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला भरवते, न्हाऊ घालते.
जुन्या सिस्टिमवर तिचा चेहरा आता उमटत नाही;
ॲप म्हणतं, आधी नवे व्हा.
नवं म्हणतं, तुम्ही फार जुने.
घोडं इथं अडलेलं.

पहिल्या रात्री पेनड्राइव्ह लावला.
लोगो आला. खालची पांढरी रेघ तिसऱ्या हिश्शापर्यंत सरकली.
अंधार.
मग पुन्हा लोगो, पुन्हा रेघ,
पहिले पाढे पंचावन्न.

तेव्हा मी लोगो काढूनच टाकला.
म्हटलं, जे करशील ते बोलून कर,
मनातल्या मनात मरू नकोस.
आणि ते बोलायला लागलं, काळ्यावर पांढरं, भरभर,
शाळेत पाठांतर म्हणताना मी पळायचे तसं,
आणि माझ्यासारखंच
दर वेळी त्याच ओळीवर अडलं.

ती ओळ तीन सेकंद टिकते.
फोनने फोटो काढायचा.
सतरा फोटो. अकरा हललेले.

ओळीत नाव होतं ग्राफिक्सचं.
दोन रात्री साप साप म्हणून भुई धोपटली:
हा पर्याय बंद, तो चालू, दोन्ही बंद,
वहीत फुल्याच फुल्या.
तिसऱ्या रात्री चहा गार झाला तेव्हा कळलं,
शेवटचं बोलतो त्याचा गुन्हा नसतो.
त्याच्यानंतर ज्याची पाळी होती,
आणि जो तोंडच उघडत नाही,
त्याला धरायचं.

दहा स्क्रू. बाटल्यांच्या बुचांत क्रमाने.
आत धूळ, एक तीळ (कुठून आला?),
आणि नखाएवढं वायफायचं कार्ड, मुकाट बसलेलं.
उपटलं.

रेघ पुढे गेली.
मी खुर्चीवरून उठले नाही, हलले नाही,
जणू माझ्या हलण्याने ती थांबेल.
पडद्याने विचारलं, भाषा कोणती?
उत्तर द्यायला गेले तर कीबोर्ड मेलेला.
आतला कीबोर्ड नव्याला ओळखीचा नाही;
बाहेरचा जोडला, तोही हबमधून,
ओळखीतून ओळख काढावी लागते तसा.

चाळीस मिनिटं. इन्स्टॉल झालं. रीस्टार्ट.
अंधार.

खरं सांगते, तेव्हा मी त्याच्या आईवरून बोलले.
मग लक्षात आलं, चूक माझी:
पेनड्राइव्ह मी काढून खिशात घातलेला,
आणि किल्ली अजून त्याच्यातच.
डिस्कचं दार नवं, बाहेरून बंद.
किल्ली डिस्कवर उतरवली.
पहाटे साडेचारला पडद्यावर एक डोंगर दिसला,
कुठल्यातरी दुसऱ्या देशातला, फार निळा.

बेझान आला. दहा लारींचं बाहेरचं वायफाय लावून दिलं,
त्याचा दिवा लुकलुकतो, त्याकडे बघू नका म्हटलं.
आणि एक:
झाकण मिटू नका. झोपलं की हे उठत नाही.
त्यावर उपाय मला सापडला नाही.

तो हसला. वरच्या धरणावर त्याची रात्रपाळी.
“म्हातारी झोपते तिथल्या अकराला, इथल्या एकला.
मग ती बोलते, मी पाण्याची पातळी लिहितो.
आमच्यात झोपतंय कोण?”

वीस लारी, आणि आंबट आलुबुखारच्या चटणीची बरणी.

वहीत मी लिहिलं: चालतं.
त्याखाली, पेन्सिलीने:
का चालतं, ते नीट माहीत नाही.