सुताभर

मुहर्रकच्या मशिदीमागची ही गल्ली
मोबाइलला सापडली, मला नाही.
दार उघडलं, आणि समोर
गुलाबी टब, गुलाबी बेसिन,
हंसाच्या मानेचा सोनेरी नळ,
सोनं उडून आतलं पितळ दिसतंय.
टेकबहादूर हसला: उस्ताद, हे कुठल्या जमान्यातलं?
म्हटलं, माझ्या.
त्याला थट्टा वाटली.

आधी पाण्याचा कॉक बंद.
मग आरसा, मग कमोड. भोकात चिंधी कोंबायची,
नाहीतर खालची हवा घरभर सांगत सुटते.
टब ओतीव लोखंडाचा, चौघांना उचलत नाही.
तेव्हाही नव्हता उचलत. आम्ही सहाजण होतो,
जिन्याच्या वळणावर तो अडला
आणि हसून हसून सगळ्यांचे हात सुटायला आले.
आता घण.
पहिल्या घावाला देवळातल्या घंटेसारखा बोलला,
दुसऱ्याला पातेलं पडल्यासारखा,
तिसऱ्याला भंगार.

भिंतीवरच्या टाइल्स मात्र निघेनात.
छिन्नी घसरते, कपच्या डोळ्यांवर येतात.
शोमशेर वैतागतो:
कुठल्या गाढवानं एवढं सिमेंट घातलंय?
मी गप्प.
नवीनच आलेल्या गाढवानं, बाबा,
पहिल्या पगाराच्या भीतीनं.

दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत उम्म जासिम.
गुडघे गेलेत, टबात पाय टाकता येत नाही.
मुलानं सांगितलंय, सगळं सपाट करा, धरायला दांडा लावा.
ती काठीनं कोपरा दाखवते:
"उधर पानी. हमेशा पानी. सत्ताईस साल.
सुबह कपडा, शाम कपडा.
मिस्त्री कौन था, अल्लाह उसको माफ करे."

तो कोपरा मला ठाऊक आहे.
गुरुवार होता.
साडेपाचनंतर टेलिफोनच्या बूथपुढे रांग लागायची,
आणि तिकडे पोस्टमास्तरांच्या ओटीवर
ती येऊन बसलेली असायची,
सहा महिन्यांची पोटुशी, चार मैल चालून.
शेवटच्या चार लाद्या उरल्या होत्या.
दोरी धरली नाही, गोटी सोडून पाहिली नाही,
तळव्यानं दाबल्या, फडक्यानं पुसल्या, धावलो.
उतार जाळीकडे हवा होता,
भिंतीकडे गेला.
सुताभर.
फोनवर काय बोललो ते आता आठवत नाही.
लाइन लागली होती का, तेही नाही.

सुताभर चूक, आणि एक बाई
सत्तावीस वर्षं वाकून पुसतेय.
तिच्या गुडघ्यांचा हिशेब मी करत नाही.
होतो आपोआप.

अडूरला आमच्या न्हाणीत
याच मालातल्या उरलेल्या पाच टाइल्स आहेत,
बॅगेत लुंगीत गुंडाळून नेलेल्या.
तिथं थेंब थांबत नाही.
तिथला उतार मी तीनदा पाहिला होता.

त्या चार लाद्या कुणाला काढू दिल्या नाहीत.
छिन्नी लावायचाच अवकाश, अलगद उचलल्या,
बाकीच्यांसारख्या भांडल्या नाहीत.
खाली काळं, ओलं,
डबक्याचा वास.

चार वाजता चहा आला, वेलचीचा, साखर जास्त.
पेला हातात घेऊन म्हणालो,
"अम्मा, वो मिस्त्री जल्दी में था."
तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.
मग मलब्याकडे.
"सबको जल्दी," म्हणाली,
आणि बशीतली खजूर पुढे सरकवली.

आजही गुरुवारच.
पोरं हातपाय धुऊन निघाली, उद्या सुट्टी.
मी कोपऱ्यावरच्या दुकानातून
काचेची एक गोटी घेतली.
सकाळी येणार म्हणून सांगून ठेवलंय.
एकटाच.