शेरा

पट्टी वाचायची सकाळी आठला, दुपारी बाराला, सांजच्या पाचला.
आवर्तन सुटलं तर तासातासाला, रात्रीसुद्धा.
पट्टी म्हणजे पुलाच्या खांबावर रंगवलेले काळेपांढरे आकडे.
वाचणारी मी, चांगुणा लहानू मेंगाळ,
वडील गेल्यावर त्यांच्या जागी लागलेली.

आम्ही कुरुंगवाडीचे.
तिथे दारणा इतकी बारीक
की एक म्हैस बसली तर अडते
आणि म्हैस उठेपर्यंत वाट बघते.
पुढे तिला घाई होते.
घोटीच्या अंगाने वाकी येते, भातखाचरांचं गढूळ घेऊन.
मग धरण. तिथे नदीचा तलाव होतो
आणि तलावाचा आकडा.
वैशाखात पाणी मागे सरलं की गाळ उघडा पडतो,
ज्यांची शेतं बुडाली त्यांचेच नातू त्या गाळात
काकड्या लावतात, भाडं भरून.

देवळालीला ती तोफांच्या सरावामागून जाते,
भगूरला गोधड्या धुते,
चेहेडीला पंप तिला उचलतो आणि नाशिकरोडच्या नळांत सोडतो.
वालदेवी येते तेव्हा मी नाक आक्रसते.
तिचा दोष नाही. ती शहरातून आलीय.
सांगवीला दारणा गंगेत शिरते.
लोक म्हणतात, नाव संपलं.
काठावर उभं राहून बघा,
अर्धा कोस दोन रंग शेजारी शेजारी चालतात
भांडण झालेल्या जावांसारखे.

वडील चौथी शिकलेले. त्यांच्या रजिस्टरात
शेवटचा रकाना होता, शेरा.
त्यात ते लिहायचे:
"पाणी तांबूस. वाकीकडे दरड आली असावी."
"तांबडा बैल वाहून गेला, शिंगांना हिंगूळ. कुणाचा ते कळलं नाही."
"आज मळीचा वास. मासे उताणे."
"पाण्याला आवाज नाही. का ते समजत नाही."
साहेबांच्या लाल पेन्सिलीने समोर एकच शब्द:
अनावश्यक.
दुसऱ्या दिवशी वडील पुन्हा लिहायचे.

गेल्या कार्तिकात पाणी सोडलं, खाली, जायकवाडीसाठी.
बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या, काठावरच्या मोटारींची वीज तोडली,
पुलावर पोलीस, आणि मी बॅटरी घेऊन.
रात्रभर पाणी माझ्या पायाखालून गेलं,
द्राक्षांना नाही, उसाला नाही, इथे कुणालाच नाही,
आणि मी ते वाढताना लिहीत होते.
पहाटे आत्याचा फोन आला कुरुंगवाडीहून.
म्हणाली, झरा आत्ताच बारीक झालाय,
होळीनंतर टँकर लागेल, तुझ्या ओळखीचं कोणी आहे का?
मी म्हटलं, बघते.
माझ्या ओळखीची फक्त नदी होती
आणि ती ड्यूटीवर होती.

आता रजिस्टर नाही. मोबाइल दिलाय.
पातळी भरा, विसर्ग भरा, फोटो काढा.
शेरा नाही.

परवा बाराच्या फोटोत एक बाई आली,
पट्टीच्या पुढ्यातच हंडा बुडवत.
मोबाइल म्हणाला, पट्टी अस्पष्ट, पुन्हा घ्या.
मी म्हटलं, जरा सरकता का?
ती वर न बघता म्हणाली, भरू दे की, बाई.
तळाशी पाणी थोडं, ती वाटीने भरत होती.
वाटी, मग हंड्याच्या तोंडाचं फडकं, मग वाटी.
मी थांबले.
तिने चुंबळ नीट केली, हंडा चढवला,
जाताना खांबाकडे बघून म्हणाली,
हे आकडे कुणासाठी काढलेत?

बारा वाजून एकोणीस मिनिटांनी फोटो गेला.
उशीर का, कुणी विचारलं नाही.
तेवढ्यात पाणी बोटभर उतरलं होतं.