माणशी एक बादली

नान्नजच्या माळावर तीन रात्री.
पाणवठ्यावर येईल ते जनावर मोजायचं, वहीत लिहायचं.
पहिल्या संध्याकाळीच लिंबाजी वनमजुरानं बजावलं,
"प्यायचं येगळं. बाकी माणशी एक बादली.
तोंड, ताट, ढुंगण, समदं त्यात."

पुण्याच्या इरावतीनं बादलीत वाकून पाहिलं
विहिरीत पाहावं तसं.
तिच्याकडे ओल्या रुमालांची चार पाकिटं, गुलाबाच्या वासाची.
लिंबाजीनं एक हुंगलं
आणि चारीच्या चारी ट्रंकेत टाकून कुलूप लावलं.
"लांडग्याला गुलाब कळतो, बाई."

मला हसू आलं. मी साखर पेठेतली.
आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही पहाटे तीनला.
अम्मा अंधारात ओरडते, "नीळ्ळु वच्चाई!"
आणि अख्खी गल्ली घागरींसकट उठते.
मधले चार दिवस आम्ही तंबूतच असतो,
आमच्या तंबूला भिंती आहेत इतकंच.

इरावती म्हणाली, शिकव.
म्हटलं, अंगावर पाणी ओतायचं हे आधी विसर.
टॉवेलाचं एक टोक अर्ध्या तांब्यात बुडव, पीळ.
मान, कानांमागं, काखा.
पुसत खाली ये, वर परत जाऊ नकोस.
पावलं शेवटी, आणि बोटांच्या बेचक्यांत जरा थांब,
दिवसभराचा माळ तिथं बसलेला असतो, कुसळांसकट.
साबण नखाएवढा,
तोही पाणवठ्यापासून शंभर पावलं लांब, त्या बोरीच्या बुंध्याशी.
बोरीला चालतं. बेडकांना नाही.

टॉवेल अम्मानं कडा मारलेला.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात ती दिवसभर कडाच मारते.
हा सेकंड माल, एका अंगानं धागा सुटलेला,
म्हणून घरी आला.
माळावर तो पंचा झाला, बोरीला बांधलेला आडोसा झाला,
दुपारी त्रेचाळीस अंशांत
दोघींच्या डोक्यांवर मिळून एक ओलं छप्पर.

सकाळी खुरपं घेऊन एकेकट्यानं जायचं.
वीतभर खड्डा, वर माती, वर दगड.
परतणारा जाणाऱ्याच्या हाती खुरपं देतो
आणि दोघंही घाईघाईनं आभाळात माळढोक शोधू लागतात.
(माळढोक तिन्ही दिवस दिसला नाही.
शोधला मात्र खूप.)

पौर्णिमेच्या रात्री, मचाणावर,
साडेअकराला कळलं, पाळी आलीय. चार दिवस आधीच.
उजाडेपर्यंत उतरायचं नाही, बोलायचंही नाही.
इरावतीनं माझा चेहरा वाचला.
टॉवेल पसरून धरला माझ्या आणि चंद्राच्या मध्ये,
स्वतः पाठ फिरवून.
कागदात कागद, पिशवीत पिशवी, गाठ.
मग तिनं आपल्या प्यायच्या बाटलीतून
माझ्या हातांवर पाणी सोडलं, तीन घोट,
आणि बाटली हलवून, उरलेलं ऐकून,
आणखी एक.

लांडगी आली ती तेव्हाच.
वारं आमच्याकडून तिच्याकडे.
कळलंच असणार तिला, गुलाब कुलपात असला तरी.
मचाणाकडे बराच वेळ बघितलं तिनं,
मग वाकून प्यायली,
मग बसून पुढचे पंजे चाटले, सावकाश,
बेचक्यांत थांबत थांबत.
इरावतीनं कोपरानं मला ढोसलं.
वहीत लिहिलं: लांडगी, एक, बारा दहा.
चाटण्याला रकाना नव्हता.

घरी आले तो नळाचा दिवस नव्हता.
अम्मानं पिशवी उपसली. "टॉवेल?"
"पुण्याला गेला."
"अगं, सेकंडमधला होता तो!
फस्ट मालातला द्यायचास की."
जरा वेळानं, चूल पुसता पुसता,
"निदान धुऊन दिलास ना?"
"दिला."
"कितीत?"
"दीड तांब्यात."
फडकं थांबलं. मनात मोजलं असावं तिनं.
"पुरतं," म्हणाली.