आहाराचा रकाना

पुस्तकात नाव कैदी, अंगावरच्या पट्ट्यांमुळे.
ओबेदला ते पटलं नाही.
"कैद कुणी केलंय तिला? दार तर सताड उघडं आहे."
असं म्हणून होडीच्या कडेवरून तो पाण्यात उतरला,
चष्म्याची एक काच फुटकी, डिंकाने सांधलेली.

मारोवोचं पाणी सकाळी सातला काचेसारखं.
खडकाखालच्या भोकातून पिल्लं निघाली,
दूध उतू जावं तशी, थांबेचनात.
काळी, करंगळीएवढी, कुशीवर एकेक पांढरी रेघ.
दोनशेपर्यंत मोजली. मग पेन्सिल कानामागे खोचली.

ती मात्र घरातच.
डोकं तेवढं दिसलं, तोंडभर वाळू,
उंबऱ्याबाहेर थुंकली, आत गेली,
परत आली, थुंकली.
"झाडलोट," ओबेद वर आल्यावर म्हणाला,
"चाळीस वर्षं बघतोय, बाहेर पाऊल टाकलं नाही."
पाऊल, असं म्हणाला तो. माशाला.

संध्याकाळी पिल्लं घरी येतात.
त्याची नात नेलमा हिने एकदा फटीतून टॉर्च मारला होता:
छताला लोंबत होती सगळी,
डोक्यातून निघालेल्या चिकट धाग्याने,
आणि आई एकेकाला तोंडात घ्यायची, सोडायची.
खात होती?
"नाही."
मग मोजत होती?
"मोजता तुम्ही. ती कशाला मोजेल?"

माझ्या तक्त्यात लांबी आहे, खोली आहे, संख्या आहे.
आहाराच्या रकान्यात सहा आठवडे काही नाही.
काय खाते, कधी खाते, कुणीच पाहिलेलं नाही,
ओबेदनेही नाही, त्याच्या बापानेही नाही.
त्याच्या बायकोने उकडलेलं रताळं माझ्या हातात दिलं
आणि विचारलं,
"तुम्ही इथे काय खाता, ते तरी तुमच्या घरी ठाऊक आहे का?"

गुरुवारी डोंगरावर पाऊस झाला.
लाकूड कंपनीचा नवा रस्ता नदीतून खाली आला,
लाल, दाट.
शनिवारी इथे कुणी पाण्यात उतरत नाही, देवाचा दिवस.
धक्क्यावर बसून भजनं ऐकली, पाण्याकडे बघत.

रविवारी उतरलो तर स्वतःचा हात दिसेना.
चाचपडत खडक सापडला, मग भोक,
आणि भोकाच्या तोंडाशी बोटांना काहीतरी लागलं,
मऊ, नुकतंच बाहेर टाकलेलं.
हात तिथेच ठेवला.
थोड्या वेळाने तळव्यावर
आणखी एक घास चिखल पडला.