दीड हात नाडी

नांतगोखच्या तीन वाटा तेगवेनने आखल्या,
डोळे शाबूत होते तेव्हा.
पहिली चॅपलला वळसा घालून, म्हाताऱ्यांसाठी आणि आळशांसाठी.
दुसरी ओढ्याकाठची. तिच्यावर बूट कोरडे राहिले
तर तुम्ही ती धावलाच नाहीत.
तिसरी लार्चच्या रानातून मेंढ्यांच्या कुरणापर्यंत,
साडेनऊ किलोमीटर. तिला ती नुसतं 'वरची' म्हणते,
माडीवरच्या खोलीला म्हणावं तसं.

आता दर गुरुवारी माझ्या उजव्या मनगटाला
आणि तिच्या डाव्या मनगटाला
एकाच बुटाची नाडी असते.
दीड हात. जास्त नाही.
मी सांगतो: फाटक. मूळ. चिखल. पुन्हा चिखल.
ती सांगते: गप्प बस, माहितीये मला.

आणि असतंच तिला माहीत.
प्रोथेरोंच्या गोठ्यापाशी ती तोंडाने श्वास घेते,
पुलाची फळी यायच्या आत पाय उचलते,
आणि रान लागलं की तिचं पाऊल मऊ पडतं:
साठ वर्षं गळत आलेल्या बारीक पानांची गादी.
"आलं," म्हणते. एवढंच.
तिथे ती मला ओढते.

उन्हाळ्यात शेंडे वाळले.
सरकारी माणूस आला, त्याने खोडांवर निळे पट्टे मारले.
या खोऱ्यात कापणीचं मशीन चालवणारा
एकच आहे.
तो मी.

अकरा दिवस.
मशीन खोड धरतं, कापतं, सोलतं, तुकडे पाडतं,
झाडामागे चाळीस सेकंद.
मी केबिनमध्ये हीटर लावून सँडविच खात होतो,
हेही सांगायला हवं.
गुरुवारी तिला निरोप धाडला: पाठ धरलीये.
पुढच्या गुरुवारीही तीच पाठ.

तिसऱ्या गुरुवारी ती दारात. हातात नाडी.
मी म्हटलं, ओढ्याची जाऊ.
ती म्हणाली, वरची.

गोठा गेला. पूल गेला. चढ लागला.
फाटकाला शब्द होता, मुळाला होता,
जे नाही त्याला आमच्यात शब्दच ठरला नव्हता.
तो जुळवेपर्यंत आम्ही पोचलो,
आणि वारा सरळ येऊन तोंडावर आदळला.

तेगवेन थांबली नाही.
हळू झाली. नाडी सैल पडली.
बुटांखाली फांद्या मोडत होत्या,
चाकांच्या चऱ्यांत पाणी साचलेलं,
राळेचा वास इतका दाट की जिभेवर बसला.
मेंढ्या, ज्या रान संपल्यावर ऐकू यायच्या,
त्या आत्ताच ओरडत होत्या.

"किती आभाळ आहे रे," ती म्हणाली.
"खूप," मी म्हटलं.
"महिनाभर तुझ्या कपड्यांना हाच वास येतोय.
पाठीला सांग, खोटं बोलत जाऊ नकोस."

मग कितीतरी वेळ आमचे फक्त पाय.
शेवटी मीच सुरू केलं: बुंधा. डावीकडे बुंधा. चरी. बुंधा.
ती मोजत होती.
एकशे बारानंतर सोडून दिलं, असं परत येताना म्हणाली,
जणू दुकानातला हिशेब.

गावच्या हॉलमध्ये भिंतीवर तिचा नकाशा आहे,
चहाचा डाग पडलेला, ओढ्याला तांबडा रंग दिलेला,
ओढा तांबडा नसूनही. गावाच्या नावासाठी.
तिने मला पेन्सिल दिली, तिसऱ्या वाटेवर बोट नेलं.
बोट दोन इंच चुकलं, कुरणात टेकलं.
मी ते सरकवलं नाही.
"लिही," म्हणाली,
"इथे जमीन कडक आहे. डोक्यावर काही नाही.
टोपी घ्या."